दीड वितीचं मशीन

आमच्या कुरुंद्यात सरपण तोडायला फारसा वेळ लागत नाही. वेळ लागतो तो कशानं तोडायचं हे ठरवायला. पूर्वी ही अडचण नव्हती. घरात कुऱ्हाड एकच आणि तिचा दांडा कायम ढिला. तो ठोकून, पाचर मारून, पाण्यात भिजवून घट्ट होईस्तोवर ऊन चढायचं. मग माणूस कुऱ्हाड भिंतीला टेकवून जेवायला बसायचा. निवडायला काही नव्हतं, त्यामुळं मतभेदही नव्हते. आता लाकूड कापायची हलकी मशीनं आली आहेत. गावात त्यांना सरसकट ‘कटर’ म्हणतात. कोणी कटर घ्यायचं म्हटलं की गावाला मतं फुटतात. ज्याच्या घरी सैपाक गॅसवर आणि अंघोळ सोलरवर होते, त्याला तर दोन-दोन.

गॅस घरोघरी आला तरी सरपणाचं एवढं काय, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. त्यानं जानेवारी ते एप्रिलच्या मधे एकदा वसमत तालुक्यात यावं. आमचा मुलूख हळदीचा. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाचं हळद संशोधन केंद्रही वसमतलाच आहे. पण हळद पिकून भागत नाही, ती शिजवावी लागते. आठ-नऊ महिने जमिनीत राहिलेला कंद खणून काढायचा, उकडायचा, दहा-पंधरा दिवस वाळवायचा, ड्रममध्ये घोळवून पॉलिश करायचा, तेव्हा कुठं त्याचं हळकुंड होतं. उकडायला पूर्वी काहिली असायच्या, आता ट्रॅक्टरमागं ओढत न्यायचे कुकर आहेत: मधे पाण्याची टाकी, खाली भट्टी, बाजूला वाफेची पिंपं. या कुकरला शिट्टी नसते, भूक असते. त्याच्या तोंडात बाभूळ जाते, लिंब जातो, बांधावरची वेडी बाभूळ जाते, आणि हंगामाच्या शेवटी शेवटी जुन्या गोठ्याची आढीसुद्धा जाते.

त्यात जुलै २०२२ चा पूर. त्या वेळी गावात घराघरांत पाणी शिरलं होतं. तेव्हापासून सरपण उंचावर रचायचं आणि उन्हाळ्यातच तोडून ठेवायचं, असं आमच्या धाकट्या काकांनी ठरवलं. ठरवणं हा काकांचा हातखंडा. मग एवढं तोडायचं तर कटर पाहिजे आणि कटर पाहिजे तर हलकं पाहिजे, हेही त्यांनी एका दमात ठरवलं. “लहान, हलकं, बायामाणसालाबी उचलता आलं पाहिजे असं,” ते म्हणाले. उचलायच्या बायामाणसांना मात्र या चर्चेत कोणी बोलावलं नाही. त्या मागच्या अंगणात तुराट्या मोडून चूल पेटवत होत्या.

कटरची चर्चा बस स्टँडजवळच्या हॉटेलात झाली. आमच्याकडं हॉटेल म्हणजे चहाचं, आणि चर्चा म्हणजे ज्याला मशीन घ्यायचंय त्याला सोडून बाकी सगळ्यांनी बोलणं.

पहिला मुद्दा सीसीचा निघाला. बाजारात पाच-सात हजारांत ५८ सीसीचं मशीन मिळतं. त्याचं पातं बावीस इंची, रंग भडक आणि डब्यावर बर्फाळ जंगलाचं चित्र. नावाजलेल्या कंपनीचं लहान मशीन घ्यायला गेलं तर ३० सीसीचं, बारा ते सोळा इंची पात्याचं आणि किमतीला दुप्पट-तिप्पट. “निम्मी ताकद आन् दुप्पट पैशे? हे कोन्तं गणित?” हा सवाल गल्लीतल्या प्रत्येकानं आपल्याला प्रथमच सुचल्यासारखा विचारला.

यावर लूना चालवलेल्या पिढीनं हस्तक्षेप केला. लूना १९७२ मध्ये आली, इंजिन पन्नास सीसीचं, टू स्ट्रोक. तिच्यावर नवरा, बायको, दोन लेकरं आणि मधे कडब्याची पेंढी असा संसार वाहून नेलेली माणसं गावात अजून आहेत. त्यांचं म्हणणं असं की एवढा संसार पन्नास सीसीवर चालला, तर फांटी तोडायला अठ्ठावन्न कशाला? युक्तिवाद बिनतोड होता. पण लूना खांद्याच्या उंचीवर धरून चालवावी लागत नव्हती, हे त्यात निसटलं. कटर हातात धरावं लागतं. तीस सीसीचं मशीन पातं आणि साखळी सोडून चार किलोच्या आसपास भरतं. अठ्ठावन्नचं, टाक्या भरल्या की, सातच्या घरात जातं. चार आणि सात यांतला फरक दुकानात कळत नाही, कारण दुकानात माणूस ते एकदाच उचलतो आणि तेही दुकानदाराकडं बघून हसत. अंगणात तेच शंभरदा उचलावं लागतं आणि बघायला मेहुणे असतात.

दुसरा पक्ष बॅटरीवाल्यांचा, म्हणजे कॉलेजातल्या पोरांचा. मोबाइलवर जाहिरात दिसते: चार इंची पात्याचं, पिस्तुलासारखं मशीन, किलोभर वजनाचं. एक गोरापान माणूस एका हातात ते धरतो, दुसऱ्या हातात शीतपेय धरतो आणि मांडीएवढं खोड दोन श्वासांत कापतो. बॅटरी खरी २१ व्होल्टची असते, पण डब्यावर ४८ किंवा ८८ असा आकडा असतो. तो कशाचा, हे विचारायचं नसतं. तसं हे मशीन वाईट नाही. लिंबोणीची छाटणी, पेरूच्या फांद्या, कुंपणाच्या काट्या याला उत्तम. पण आमची बाभूळ ही लिंबोणीची बहीण नव्हे. वाळलेल्या बाभळीच्या मनगटाएवढ्या फांटीला ते मशीन लागलं की आधी गुरगुरतं, मग विचार करतं, मग चार्जिंग मागतं.

तिसरा पक्ष वायरवाल्यांचा. विजेवर चालणारं कटर स्वस्त, पेट्रोल नको, धूर नको. दोन हजार वॉटचं मशीन नऊ-दहा अँपिअर ओढतं. आखाड्यावर न्यायचं तर शेतीची वीज आठ तास आणि तीही पुष्कळदा रात्रीची. म्हणजे दिवसा लाकूड आहे पण वीज नाही, रात्री वीज आहे पण लाकूड दिसत नाही. घरी चालवायचं तर पन्नास फुटांची वायर पाहिजे. गावात पन्नास फूट वायर ओढली की तिच्यावरून पहिल्या पाच मिनिटांत एक बैलगाडी, एक पाहुणा आणि दोन शेळ्या जातात. शिवाय कापताना वायर साखळीच्या कुठल्या बाजूला आहे हे लक्षात ठेवायला एक वेगळा माणूस लागतो. ते काम कोणी घेत नाही, कारण त्यात मान नाही.

चौथा पक्ष खरा धोक्याचा. तो वेल्डिंगच्या दुकानात बसतो. ग्राइंडरला बसवायचं पातं मिळतं. चकती काढायची, त्या जागी साखळीचं पातं बसवायचं, की झालं कटर. हजाराच्या आत काम. फरशी कापायचा तो ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतो. त्याला ना साखळीचा ब्रेक, ना पुढच्या हाताला आडोसा, ना दोन हातांनी नीट धरायची सोय. मिस्त्री म्हणाले, “भाऊ, बसवून देतो, पन चालवायला मला बोलवू नका.” मिस्त्रींच्या उभ्या आयुष्यात त्यांनी नाकारलेलं हे पहिलं काम. काकांनी त्यातून योग्य तो बोध घेतला.

शेवटी गावातल्या निवृत्त मास्तरांनी विषय हाती घेतला. म्हणजे चहा पुन्हा सांगितला गेला. मास्तर कुठल्याही वस्तूचा इतिहास सांगितल्याशिवाय तिला हात लावू देत नाहीत. त्यांनी सांगितलं की १९२६ मध्ये जर्मनीत आंद्रेआस श्टील नावाच्या गृहस्थानं विजेवर चालणारी साखळीची करवत केली. ती इतकी जड होती की धरायला दोन गडी लागत. एका माणसानं चालवायची पेट्रोलची करवत त्यांच्याच कंपनीनं १९५० मध्ये काढली. तिचं वजन सोळा किलो. “म्हणजे आपल्या हातात चार किलोचं येतंय ते शंभर वर्षांची मेहनत आहे बरं,” मास्तर म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. चहाही तोवर आला होता.

पण मास्तरांची खरी गोष्ट पुढं होती. यंत्र झालं तरी साखळी नीट कापत नव्हती; घटकेघटकेला धार लावावी लागे. तेव्हा अमेरिकेत ओरेगॉनकडं जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता. १९४६ मध्ये तो एका बुडख्यापाशी बसला असताना त्याला लाकूड पोखरणारी भुंगेऱ्याची अळी दिसली. ती आडव्या रेषेतही खाई आणि उभ्या रेषेतही. त्यानं तिचे जबडे निरखले. इंग्रजी सी अक्षरासारखे वाकलेले दोन जबडे, एक डावीकडं खाणारा, एक उजवीकडं. तसेच दात त्यानं पोलादात उतरवले आणि १९४७ मध्ये पोर्टलंडला घराच्या तळघरात साखळ्या करायला लागला. आजही जगातल्या बहुतेक कटरांच्या साखळीत त्या अळीचा जबडा फिरतो.

हे ऐकून हॉटेलात शांतता पसरली. आमच्याकडं अळीचे पुष्कळ अनुभव आहेत. हुमणी हळदीची मुळं खाते, कंदमाशीची अळी गड्डा पोखरते. तिच्याकडं पाहून आमच्या डोक्यात आजवर फक्त औषधाच्या दुकानाची उधारी येई. “त्या कॉक्सच्या वावरात हळद नव्हती, म्हणून त्याला जबडा दिसला,” काका म्हणाले. मास्तरांना हे उत्तर आवडलं नाही, पण खोडताही आलं नाही.

शेवटी काकांनी तीस सीसीचं, लहान पात्याचं मशीन आणलं. दिसायला नेटकं आणि हाताला हलकं. मॅन्युअलमध्ये एक माणूस काढलेला होता: डोक्यात हेल्मेट, तोंडावर जाळी, कानावर टोपणं, हातमोजे, जाड पँट आणि पोलादी टोकाचे बूट. एप्रिलात हिंगोली जिल्ह्यात पारा चाळिशीच्या वर असतो. हा वेश करून माणूस अंगणात उतरला तर लाकूड कापायच्या आधी तोच शिजेल. काकांनी मधला मार्ग काढला: गॉगल, बूट, जाड जीन आणि कानात कापूस. “लुंगीवर नको रं, ते पातं लुंगी वळखत नाई,” हे वाक्य त्यांनी पाहणाऱ्या प्रत्येक लुंगीकडं बघून म्हटलं, आणि ते सोळा आणे बरोबर होतं. खांद्यावरचं उपरणंही त्यांनी खुंटीला टांगलं. कॉक्सच्या अळीला लाकूड आणि कापड यांतला भेद कळत नाही.

टू स्ट्रोकचं तेल हा पुढचा अंक. पेट्रोलमध्ये किती तेल घालायचं, लिटरला वीस मिली की चाळीस? मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं. पण मॅन्युअल वाचणं म्हणजे आपल्याला काही कळत नाही अशी कबुली दिल्यासारखं असल्यानं लूनावाल्यांना विचारलं गेलं. एकानं वीस सांगितलं, एकानं चाळीस, आणि तिसऱ्यानं “वासावरून कळतं” असं सांगून विज्ञानच संपवलं. साखळीला लागणारं तेल वेगळं, चिकट. पण गावात जुन्या ट्रॅक्टरचं जळकं ऑइल फुकट मिळतं, त्यामुळं त्याच्या बाजूनं बहुमत झालं. काकूंनी एवढंच विचारलं, “त्या लाकडावर भाकरी भाजायची हाय ना?” बहुमत तिथंच फुटलं.

मशीन सुरू झालं. लाकूड फर्रकन् कापलं. पाच मिनिटांत तीन फांट्या संपल्या. आणि इथं आमच्या गावाची खरी पंचाईत झाली. विकत आणलेली वस्तू जशीच्या तशी, नीट चालते, हे कुरुंद्यात कोणाला सहन होत नाही. त्या दिवशी संध्याकाळी मशीनभोवती जी बैठक बसली, तिचा विषय होता सुधारणा.

पहिली सुधारणा सायलेन्सरची. सायलेन्सरच्या तोंडाशी ठिणगी अडवायची जाळी असते. ती काढली की मशीन “मोकळा श्वास घेतं” असा एक सिद्धांत आहे. श्वास मोकळा होतो की नाही ते इंजिनालाच ठाऊक. आवाज मात्र नक्की मोकळा होतो. आमच्या भागात आवाजाची बाब नाजूक आहे. जवळच्या पांगरा शिंदे परिसरात वर्षानुवर्षं जमिनीच्या पोटातून गूढ गडगडाट ऐकू येतो, आणि १० जुलै २०२४ ला सकाळी तर ४.५ तीव्रतेचा भूकंपाचा धक्का हिंगोली-परभणी-नांदेडला बसला. अशा मुलखात पहाटे बिनजाळीचं कटर सुरू करणं म्हणजे अख्ख्या गल्लीला अंगणात बोलावणं. वरून ती जाळी वाळल्या गंजीला ठिणगी लागू नये म्हणून असते. हळदीच्या पाल्याच्या ढिगाजवळ तिची किंमत पेट्रोलपेक्षा जास्त.

दुसरी सुधारणा धारेची. साखळीच्या प्रत्येक दातापुढं एक बुटकं नख असतं. दात लाकडात किती शिरायचा हे ते ठरवतं. मामला अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा. कानशीनं ही नखं घासून काढली की प्रत्येक दात मोठा घास घेतो, हे खरं. पण तीस सीसीचं इंजिन मोठा घास चावू शकत नाही. ते अडकतं, हिसका देतं आणि पात्याच्या नाकाचा वरचा कोपरा लाकडाला लागला तर अख्खं मशीन कपाळाकडं उसळतं. मॅन्युअलवाला माणूस हेल्मेट घालतो तो याचसाठी. काकांनी गोल कानस आणली, दात तेवढे घासले आणि नखांवर कोणाची नजर पडू नये म्हणून कानस पेटीत टाकून पेटीला कुलूप लावलं.

तिसरी सुधारणा मिस्त्रींची. वाकून वाकून कंबर धरते, हे त्यांचं निदान. उपाय एल अँगलची चौकट. मशीन तिच्यावर बसवायचं, खाली दोन चाकं, मागं हँडल, बाजूला तेलाचा डबा ठेवायला कडी, वर पत्र्याचं छप्पर. हिशेबानं ती चौकट बावीस-पंचवीस किलोला गेली असती. ती अंगणात लोटायला एक माणूस आणि उंबरा ओलांडायला दोन. मास्तर कागदावरचं चित्र बराच वेळ पाहत राहिले. मग चष्मा काढत म्हणाले, “मिस्त्री, तुम्ही जर्मनांना गाठलं. थेट १९२६ मध्ये.”

कुरुंद्यातच नव्हे, मला वाटतं सगळ्या महाराष्ट्रात यंत्राचा हाच प्रवास असतो. आधी हलकं म्हणून आणायचं, मग त्याला बळकट करत जायचं, बळकट झालं की जड होतं, जड झालं की ते गोठ्यात पडतं, आणि मग आपण पुन्हा काहीतरी हलकं शोधायला हॉटेलात बसतो.

चौथी बाब सुधारणेची नव्हे, उसनवारीची. कुऱ्हाड उसनी दिली तर परत येताना फार तर दांडा कमी असायचा. “कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ” ही म्हण त्या काळची. कटरचा दांडा प्लास्टिकचा, त्याचं गोत इथं नाही, त्यामुळं नात्यातला राग काढायला कोणी उरलं नाही. पण कटर उसनं दिलं की ते परत येताना टाकी रिकामी आणि साखळी बोथट असते. “एकच फांटी होती, दादा.” एका फांटीत साखळी कशी बोथट होते? उत्तर झाडात असतं. शहरात झाडाचं वय खोडाच्या वलयांवरून काढत असतील. आमच्याकडं रस्त्याकडच्या लिंबाचं वय खिळ्यांवरून निघतं. वरचा खिळा ग्रामपंचायतीच्या फलकाचा, त्याखाली विधानसभेचा, त्याखाली लोकसभेचा, मधे एक क्लासेसचा, एक वाढदिवसाचा, आणि पार आत, खोडानं गिळलेला, कुठल्या तरी जुन्या साखर कारखान्याच्या निवडणुकीचा. कॉक्सची अळी लाकडाचा अभ्यास करून घडली होती. लोकशाहीचा तिला सराव नव्हता.

या सगळ्यात कायदाही येतो. १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे, त्याच्या यादीत आंबा, चिंच, जांभूळ, मोह, साग अशी झाडं आहेत. ती स्वतःच्या वावरातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. बांधावरची वेडी बाभूळ त्या यादीत नाही. ती तोडली तर कोणी विचारत नाही, न तोडली तर मात्र ती पुढच्या वर्षी शेजाऱ्याच्या वावरात विचारायला जाते. कटर आल्यावर काकांना पहिले आठ दिवस प्रत्येक झाडात सरपण दिसत होतं. चिंचेखालून जाताना त्यांचे हात शिवशिवायचे. आजीनं एकदाच विचारलं, “बापू, त्या चिंचंचा पार तुझ्या बापानं बांधलाय. तिला सोडून दुसरं काही दिसत नाई का?” कायद्यापेक्षा हे कलम लवकर लागू झालं.

आणि मग आजीनंच या प्रकरणाचा निकाल लावला. एके सकाळी काकांनी मोठ्या थाटात कापलेलं सरपण तिच्या पुढ्यात रचलं. सुबक, गोल, हातभर लांबीचे तुकडे. आजीनं एक उचलला, न्हाणीच्या बंबाकडं नेला आणि बंबाच्या तोंडाशी धरला. तुकडा अर्धा आत, अर्धा बाहेर. पेटवला तर बाहेरचं टोक अंगणात धूर करणार आणि खाली पडलं तर लुगडं पेटवणार. तिनं तो तुकडा काकांच्या हातात परत दिला. “किती सीसीचा हाय ते राहू दे. मला दीड वितीचं पाहिजे.”

हॉटेलातल्या एवढ्या बैठकांत हा प्रश्न कोणी काढलाच नव्हता. सरपण जळतं कुठं, त्यावर ते किती लांबीचं हवं ते ठरतं, आणि त्यावर कटर कोणतं हवं ते ठरतं. हळदीच्या कुकरला हातभर लांब ओंडके चालतात. तिथं काप कमी. जुन्या काहिलीच्या चुलवणाला तर अख्खं खोड लावायचं आणि जळेल तसं आत सरकवायचं. तिथं काप एकही नाही. गंमत अशी की विस्तव जेवढा मोठा तेवढं कापायचं काम कमी, आणि विस्तव जेवढा लहान तेवढं जास्त. शंभर क्विंटल हळद शिजवायला जेवढे काप लागत नाहीत, तेवढे दोन माणसांच्या अंघोळीला लागतात.

मास्तरांनी लगेच याचं शिष्यवृत्ती परीक्षेचं गणित केलं. दहा फुटांच्या फांटीचे अडीच-अडीच फुटांचे तुकडे करायला किती काप? सगळे म्हणाले चार. चूक, तीन. तीच फांटी फुटाफुटानं तोडायची तर किती? सगळे म्हणाले दहा. चूक; नऊ. कुकरला तीन वेळा मशीन उचला, बंबाला नऊ वेळा. म्हणून बंबासाठी मशीन हलकं हवं. म्हणून काकांचं तीस सीसी बरोबर होतं. कारण मात्र चुकीचं होतं, आणि आमच्याकडं कारण चुकलं की निवड बरोबर आल्याचं श्रेय कापलं जातं.

त्यानंतर झाल्या त्या दोनच सुधारणा, आणि त्यांतली एकही मशीनमध्ये झाली नाही. एक म्हणजे घोडी. दोन लाकडांचे फुलीसारखे पाय, असे दोन जोड, मधे आडवी पट्टी. फांटी त्या फुल्यांच्या खाचेत ठेवली की ती कमरेच्या उंचीला येते, हलत नाही, पातं जमिनीला लागत नाही, साखळी मातीत बोथट होत नाही आणि पाय लाकडावर देऊन कापायचा प्रसंग येत नाही. मिस्त्रींच्या चौकटीनं मशीन जड होणार होतं. घोडीनं मशीन चार किलोचंच राहिलं आणि जडपण सगळं लाकडाकडं गेलं. सुताराला अर्धा दिवस लागला, आणि लोखंड न लागल्यानं मिस्त्री दोन दिवस बोलले नाहीत.

दुसरी सुधारणा आजीची. घोडीच्या पुढच्या पायापासून दीड वीत मोजून तिनं आडव्या पट्टीला लाल चिंधी बांधली. फांटी चिंधीपर्यंत सरकवायची, कापायची, पुन्हा सरकवायची. ना टेप, ना पेन्सिल, ना डोळ्याचा अंदाज. हल्ली परदेशात कटरला लावायची माप दाखवणारी दांडी मिळते म्हणे. आजीच्या चिंधीला पेटंट नाही, बॅटरी नाही आणि ती पावसात भिजली तर दुसरी फाडता येते. काकांच्या कटरमध्ये झालेल्या एकूण फेरबदलांत सर्वांत उपयोगी ठरलेला हा फेरबदल कटरपासून हातभर अंतरावर आहे.

एवढं सगळं सुरळीत झाल्यावर विषय संपायला हवा होता. पण शेजारच्यांनी तसंच कटर आणलं, तशीच घोडी केली आणि काकांना माप विचारलं. काकांनी छाती फुगवून सांगितलं, “दीड वीत.” त्यांनी दीड वितीनं अख्ख्या हंगामाचं सरपण तोडलं, गंज रचली, गंजीवर मेणकापड टाकलं, आणि पहिल्याच अंघोळीला त्यांची आजी तुकडा घेऊन आमच्या अंगणात उभी राहिली. तुकडा त्यांच्या बंबात शिरत नव्हता. वीत त्यांच्या पहिलवान नातवानं मोजली होती.

दोन्ही आज्यांनी अंगणात बसून आपापले पंजे तुकड्याला लावले. आमच्या आजीची वीत नातवाच्या वितीपेक्षा बोटभर लहान भरली, त्यांच्या आजीची तिच्याहून बोटभर लहान. काकांनी मास्तरांना बोलावलं, मास्तरांनी पट्टी मागवली, पट्टी आली तोवर मिस्त्री आले, आणि मिस्त्रींनी कटरकडं न बघता थेट बंबाकडं बघून विचारलं, “भाऊ, ह्याचं तोंडच थोडं कापून मोठं केलं तर?”